वेस्ली कल्प कुठे मेला?

न्यू जर्सीतल्या एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं: "मुलाला घेऊन गेटिसबर्गची रणभूमी बघायला गेलो होतो. तिथे ऐकलं की वेस्ली कल्प हा गावातलाच मुलगा, पण दक्षिणेच्या सैन्यातून आला आणि वडिलांच्या मालकीच्या टेकडीवर, लहानपणी जिथे खेळला तिथेच गोळी लागून मेला. सख्खा भाऊ समोरच्या सैन्यात. जवळ जखमी मित्राने वाग्दत्त वधूसाठी दिलेला निरोप. तो तिला पोचलाच नाही, कारण तीही त्याच लढाईत गेली. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तो म्हणाला, आई, हे जुळवून आणलेलं वाटतंय. खरं किती? आणि हा वेस्ली स्वतःच्याच गावावर का चालून आला?"

ताई, मुलाला आधी माझी शाबासकी सांगा. त्याचा संशय निम्मा बरोबर आहे. माणसं खरी आहेत, तिघंही खरोखर गेली, भाऊ खरोखरच समोरच्या सैन्यात होता. पण टेकडी वडिलांची नव्हती, मृत्यूची जागा आणि दिवस दोन्ही वादात आहेत, आणि निरोपाचं प्रकरण सांगितलं जातं तितकं सरळ नाही.

मी मेरीलंडमध्ये राहतो. गेली बावीस वर्षं १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धातल्या, म्हणजे संघराज्यातून फुटलेली दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध उत्तर या लढाईतल्या, सैनिकांचे सेवा-कागद वाचून त्यातून माणूस उभा करायचा, हे माझं काम. वंशज येतात, पणजोबांच्या वडिलांचं नाव देतात आणि विचारतात, तो कोण होता? बहुतेकांच्या वाट्याला दहा-बारा कार्डं येतात. दर दोन महिन्यांच्या हजेरीपटावरून उतरवलेली ओळ: हजर, गैरहजर, रुग्णालयात, पगार अमुक तारखेपर्यंत दिला. वेस्लीच्या बाबतीत गोष्ट उलटी झाली. कागद थोडे, आख्यायिका भरपूर. त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच, आणि मराठी मंडळींना रणभूमी दाखवताना तर हमखास.

टेकडीपासून सुरू करतो, कारण ते सर्वांत सोपं आहे. गेटिसबर्ग गावाच्या आग्नेयेला झाडीने भरलेली टेकडी आहे, तिला कल्प्स हिल म्हणतात. ती होती हेन्री कल्प नावाच्या शेतकऱ्याची. हा हेन्री वेस्लीच्या नात्यातला, वडिलांच्या चुलत भावंडांपैकी. वेस्लीचे वडील एसायस कल्प हे शिंपी. गावात राहणारे, कातरी चालवणारे. त्यांच्या नावावर डोंगर कुठला असणार? आपल्याकडे एखाद्या गावात अर्धे उंबरे एकाच आडनावाचे असतात आणि पाटलाची जमीन प्रत्येक पाटलाची नसते, तसंच हे. पोरगा त्या टेकडीवर हुंदडला असेल, यात मला शंका नाही. गावातली सगळीच पोरं तिथे जायची. पण 'बापाच्या जमिनीवर मेला' हे वाक्य नंतर कुणीतरी चिकटवलं, आणि ते इतकं छान बसलं की निघता निघेना.

आता मुलाचा दुसरा प्रश्न. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, आणि रणभूमीवरच्या दुकानातल्या माहितीपत्रकात नेमकी हीच दोन ओळींत उरकलेली असते.

वेस्लीचा जन्म १८३९ चा, म्हणजे मरताना तो सुमारे २४ वर्षांचा. गेटिसबर्ग तेव्हा घोडागाड्यांचं गाव होतं. बग्ग्या बनवणारे कारखाने, चाकं करणारे, लोहारशाळा, घोड्याचा साज शिवणारे कारागीर असं सगळं तिथे होतं. वेस्ली अशाच एका कारखान्यात कामाला लागला. मालकाचं नाव चार्ल्स हॉफमन. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉफमनने धंदा उचलला आणि पोटोमॅक नदीच्या पलीकडे, व्हर्जिनियातल्या शेफर्ड्सटाउन या गावी नेला. बरोबर काही कामगारही गेले. वेस्ली त्यांतला एक.

अंतर बघा. गेटिसबर्ग ते शेफर्ड्सटाउन सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला जाण्यापेक्षाही कमी. विशीच्या उंबरठ्यावरचं पोर, हातात कसब, ओळखीचा मालक, मालकाची मुलंही साधारण त्याच वयाची. नोकरीसाठी तालुका बदलावा तसा तो गेला. मधे जी नदी होती ती पुढे तीन वर्षांत दोन देशांची सीमा होईल, हे १८५८ साली त्याला कोण सांगणार होतं?

शेफर्ड्सटाउनमध्ये तो रमला. तिथे एक हौशी सैनिकी तुकडी होती, हॅमट्रॅम्क गार्ड्स. तेव्हा अमेरिकेतल्या गावोगावी अशा तुकड्या असायच्या आणि आपल्याकडच्या तालीम-मंडळाशी त्यांचं बरंच साम्य होतं. गणवेश, कवायत, सणावाराला मिरवणूक, कवायतीनंतर जेवण, आणि गणवेशाकडे बघणाऱ्या मुली. बाहेरगावाहून आलेल्या एकट्या पोराला गावात मिसळून जायचा यापेक्षा सोपा रस्ता नव्हता. वेस्ली तुकडीत दाखल झाला. अंगाने तो अगदी लहानखुरा, जेमतेम पाच फूट उंच, असं सांगतात. अशा मुलाला रांगेत, बरोबरीने उभं राहता येण्याचं काय अप्रूप असेल, ते तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

१७ एप्रिल १८६१ ला व्हर्जिनियाने संघराज्यातून फुटायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी शेफर्ड्सटाउनपासून जवळ असलेल्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रकारखान्याचा ताबा घ्यायला व्हर्जिनियाचे लोक निघाले. हॅमट्रॅम्क गार्ड्स बोलावणं येताच गेली आणि दुसऱ्या व्हर्जिनिया पलटणीची 'बी' कंपनी झाली. वेस्ली तिच्याबरोबर गेला. गेटिसबर्गहून आलेले काही जण त्या सुमारास परत घरी, उत्तरेला निघून गेले. याने थांबायचं ठरवलं.

का थांबला? त्याने लिहून ठेवलेलं कारण आपल्या हाती नाही. बावीस वर्षांत मी शेकडो तरुणांचे कागद पाहिले, त्यावरून माझं मत सांगतो. मत म्हणूनच घ्या. त्या एप्रिल महिन्यात बहुतेक पोरं तुकडीबरोबर गेली. समोर शेजारचा उभा, कारखान्यातला सोबती उभा, मालकाचा मुलगा उभा, कप्तान नाव पुकारतोय. त्या क्षणी 'मी येत नाही' म्हणायला जी छाती लागते ती लढायला लागणाऱ्या छातीपेक्षा मोठी असते. वेस्ली राजकारणासाठी गेला असं मानायला मला काही दिसत नाही. तो मित्रांबरोबर गेला.

पण इथे थांबलं तर मी मुलाची फसवणूक केल्यासारखं होईल. मित्रांबरोबर गेला हे खरं, पण ज्या सैन्यात गेला ते सैन्य गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या सरकारचं होतं. शेफर्ड्सटाउन ज्या जेफरसन काउंटीत येतं, तिथे १८६० साली दर चार माणसांत साधारण एक माणूस गुलाम होता. वेस्ली रोज त्यांच्यामधूनच कामाला जात असणार. आणि जून १८६३ मध्ये हेच सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरलं तेव्हा त्याने वाटेत सापडलेल्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना, मुलांना पकडून दक्षिणेत नेलं. त्यांतले कितीतरी कायद्याने मुक्त होते. गेटिसबर्गमधले बहुतेक कृष्णवर्णीय रहिवासी लढाईआधीच घरं सोडून पळाले होते. अब्राहम ब्रायन नावाचा मुक्त कृष्णवर्णीय शेतकरी असाच कुटुंबासह निघून गेला आणि गेटिसबर्गच्या लढाईतला (१ ते ३ जुलै १८६३) तिसऱ्या दिवशीचा प्रसिद्ध हल्ला त्याच्या शेताच्या कडेला येऊन फुटला. तुम्ही रणभूमीवर त्याचं पांढरं घर पाहिलं असेल. वेस्लीने स्वतः कुणाला पकडलं असं मी म्हणत नाही, तसा कागद नाही. पण ही बाजू वगळून 'दोन भावांची करुण कहाणी' एवढंच सांगायचा जो प्रघात पडला आहे तो मला पटत नाही.

आपल्या भाषेत सिव्हिल वॉरला यादवी युद्ध म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला दाद द्यावीशी वाटते. मौसलपर्वात प्रभासला यादव एकमेकांवर तुटून पडतात ते काही मोठ्या तत्त्वावरून नाही. सात्यकी आणि कृतवर्मा जुनी उणीदुणी काढतात, बाकीचे आपापल्या माणसाच्या बाजूला सरकतात, आणि लव्हाळ्याचं मुसळ होतं. वरच्या माणसांचं भांडण कशावरून आहे आणि खालचा माणूस रांगेत का उभा आहे, यांची उत्तरं वेगळी असू शकतात. अमेरिकेत वरचं भांडण गुलामगिरीवरून होतं, याबद्दल फुटलेल्या राज्यांचे स्वतःचेच जाहीरनामे स्पष्ट आहेत.

(एक आठवण जाता जाता. हेच युद्ध चालू असताना अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या काळातला तो सट्टा, बॅकबे भरणीच्या शेअरचा फुगा, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच झालेली दाणादाण, हे सगळं या लढायांच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं आहे. न्यू जर्सीतल्या मुलाला हे शाळेत कुणी सांगणार नाही, म्हणून सांगितलं.)

दुसरी व्हर्जिनिया पलटण पुढे ज्या ब्रिगेडमध्ये (काही पलटणींच्या गटात) गेली तिचं नाव इतिहासात गाजलं: स्टोनवॉल ब्रिगेड. २१ जुलै १८६१ ला मनासासच्या पहिल्या लढाईत तिच्या सेनापतीला, थॉमस जॅक्सनला, 'स्टोनवॉल' (दगडी भिंत) हे नाव पडलं. पुढची दोन वर्षं या पलटणीने जी पायपीट केली ती वाचूनच दम लागतो. शेनांडोह खोरं वर-खाली, रिचमंडभोवतीच्या लढाया, पुन्हा मनासास. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमची लढाई झाली ती शेफर्ड्सटाउनच्या समोर, नदीपलीकडे काही मैलांवर. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांच्या आसपास मृत, जखमी आणि बेपत्ता. त्यानंतर शेफर्ड्सटाउनची घरं, चर्च, गोदामं जखमींनी भरून गेली होती.

अशा सैनिकाचा दिवस कसा असायचा? दक्षिणेच्या साध्या शिपायाला महिन्याला अकरा डॉलर पगार होता, तोही महिनोन्‌महिने थकायचा, आणि हातात पडेपर्यंत त्या नोटांची किंमत उतरलेली असायची. खायला मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस. बूट फाटले की फाटले. लढाईचे दिवस मोजके, बाकी चालणं, पहारा, चिखल, उवा आणि हगवण. या युद्धातल्या मृतांचा जुना आकडा ६ लाख २० हजार. अलीकडच्या जनगणनेच्या अभ्यासातून तो साडेसात लाखांपर्यंतही मांडला गेला आहे. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश माणसं रोगाने गेली. माझ्याकडे आलेल्या कार्डांत 'गोवर' हा शब्द मी इतक्या वेळा वाचला आहे की आता तो दिसला की पुढचं कार्ड उघडायच्या आधीच अंदाज येतो. खेड्यातली पोरं, लहानपणी गोवर आलेला नाही, हजाराच्या छावणीत पहिल्यांदाच गर्दी पाहिलेली.

वेस्ली रोगातून वाचला. आता बंदुकीची गोष्ट, कारण तुमच्या मुलाने तीही ऐकली असणार. त्या वेळची स्प्रिंगफील्ड जातीची पायदळाची बंदूक सुमारे ५६ इंच लांब, म्हणजे चार फूट आठ इंच, आणि वजनाला चार किलोच्या आसपास. पाच फुटी वेस्लीच्या खांद्याच्याही वर येणारी. ही बंदूक भरायची तर नळी वर करून दारू आणि गोळी वरून टाकायची, मग गज घालून ठासायची. बुटक्या माणसाला ते किती गैरसोयीचं, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. म्हणून म्हणे स्वतः जॅक्सनने त्याच्यासाठी आखूड बंदूक करवून दिली. जॅक्सनने खास लक्ष घातलं, ही मला आख्यायिका वाटते. हजारो माणसांचं सैन्य हाकणारा आणि स्वतःच्या सेनापतींनाही उद्याचा बेत न सांगणारा तो माणूस शिपायाच्या बंदुकीची मापं घेत बसला असेल, हे अवघड आहे. पण पलटणीच्या पातळीवर कुणीतरी त्याला हलकी, आखूड बंदूक मिळू दिली असेल, तर त्यात अशक्य काही नाही. आणि वेस्लीच्या मागे उरलं ते नेमकं बंदुकीचंच. त्याच्याकडे येतो.

भाऊ विल्यम गेटिसबर्गलाच राहिला होता. १८६१ च्या शरदात तो उत्तरेच्या सत्त्याऐंशीव्या पेनसिल्व्हेनिया पलटणीत, 'एफ' कंपनीत गेला. त्याच कंपनीत दोघांच्या ओळखीचा, गावातलाच जॅक स्केली होता. या पलटणीने सुरुवातीचा बराच काळ रेल्वेमार्गांची राखण करण्यात घालवला, त्यामुळे दोन भाऊ समोरासमोर यायला दोन वर्षं लागली.

ते घडलं विंचेस्टरला, जून १८६३ मध्ये. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचं सैन्य उत्तरेला सरकत होतं आणि वाटेत विंचेस्टरची उत्तरेची छावणी होती. १३ ते १५ जून अशी तीन दिवस लढाई झाली. १५ ला पहाटे माघार घेणाऱ्या उत्तरेच्या तुकड्यांना गावाबाहेर, स्टीव्हन्सन्स डेपोजवळच्या झाडीत, स्टोनवॉल ब्रिगेड ज्या डिव्हिजनमध्ये (काही ब्रिगेडींच्या गटात) होती तिने गाठलं. सत्त्याऐंशीवी पेनसिल्व्हेनिया त्यांच्यातच होती. विल्यम निसटला. जॅक स्केली दंडात गोळी लागून जखमी झाला आणि कैदी झाला. लढाई संपल्यावर वेस्लीला कैद्यांत आपल्या गावची माणसं दिसली, जॅक दिसला. त्याने जॅकची विचारपूस केली, आणि जॅकने त्याच्याजवळ निरोप दिला.

एवढं घट्ट आहे. निरोप तोंडी होता की चिठ्ठी होती, आणि तो कुणासाठी होता, इथून धुकं सुरू होतं. लोकप्रिय गोष्टीत तो जेनी वेडसाठी आहे. मेरी व्हर्जिनिया वेड, वय २० वर्षं, जॅकची मैत्रीण. साखरपुडा ठरल्याचंही सांगतात. पण कल्प घराण्यातल्या आठवणींत वेस्ली आपल्या बहिणींना म्हणाला की तो निरोप जॅकच्या आईसाठी होता. जखमी होऊन पडलेला, शत्रूच्या हातात सापडलेला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा आधी आईला कळवेल की प्रेयसीला? दोन्ही शक्य. मला आईकडचं जास्त पटतं, आणि सिनेमावाल्यांना दुसरं, हे उघड आहे.

१ जुलै १८६३ ला संध्याकाळी वेस्लीची डिव्हिजन गेटिसबर्गला पोचली. सुमारे चोवीसशे वस्तीचं गाव, दिवसभर लढाई होऊन दक्षिणेच्या ताब्यात गेलेलं. पाच वर्षांपूर्वी बग्ग्यांच्या कारखान्यातून निघालेला मुलगा दक्षिणेच्या करड्या गणवेशात परत आला. त्याने रजा मागितली आणि मिडल स्ट्रीटवर राहणाऱ्या बहिणीकडे, अ‍ॅनकडे गेला. दुसरी बहीण ज्युलियाही होती. घरात काय बोलणं झालं याच्या ज्या रसभरीत हकिकती फिरतात त्या मी पुढे पाठवणार नाही. घरच्या माणसांनी मागे सांगितलं ते एवढंच, की तो आला, जॅक जखमी असल्याचं त्याने सांगितलं, निरोपाचा उल्लेख केला, आणि परत गेला. आपला भाऊ शत्रूच्या गणवेशात दाराशी उभा, दुसरा भाऊ जिवंत आहे की नाही हे यालाच विचारायचं, आणि शेजारी खिडकीतून बघत आहेत. ती रात्र कशी असेल याची कल्पना मी पाहुण्यांवर सोडतो.

तो त्या भेटीनंतर घरी परत आला नाही.

२ जुलैला स्टोनवॉल ब्रिगेड गावाच्या पूर्वेला, हॅनोवर रस्त्यावरच्या ब्रिंकरहॉफ्स रिज नावाच्या उंचवट्यावर होती. दुसऱ्या व्हर्जिनियाला तिथे समोरच्या चकमकखोरांना हटवायचं काम होतं. दिवसभर भिंतींआडून, गव्हाच्या शेतांतून गोळ्या झाडल्या जात होत्या, आणि संध्याकाळी उत्तरेच्या घोडदळाशी जुंपली. त्यामुळे त्या संध्याकाळी डिव्हिजनने कल्प्स हिलवर केलेल्या हल्ल्यात ही ब्रिगेड पोचलीच नाही. ३ जुलैला उजाडताना मात्र ती टेकडीच्या लढाईत होती. दुसरी व्हर्जिनिया अगदी डाव्या टोकाला, रॉक क्रीक या ओढ्याच्या बाजूला. ती लढाई सहा-सात तास चालली, वर उत्तरेचे लोक लाकडांच्या ओंडक्यांमागे पक्के बसलेले, आणि खालून चढणाऱ्यांच्या हाती काहीच लागलं नाही.

वेस्ली या दोन दिवसांपैकी एका दिवशी गेला. २ जुलै म्हणणारे अभ्यासक आहेत, ३ म्हणणारेही. २ असेल तर तो कल्प्स हिलवर मेलाच नाही. पूर्वेच्या त्या उंचवट्यापाशी, कुणा तिसऱ्याच्या शेतात मेला. पलटणीची हालचाल आणि पहिल्या रात्रीची भेट लक्षात घेतली तर माझा कल २ तारखेकडे आहे. पण मी ३ म्हणणाऱ्याशी भांडायला जाणार नाही. टेकडीच्या माथ्यावर लोखंडी मनोरा आहे, तिथे उभं राहून 'इथेच मेला' असं सांगणाऱ्याशी मात्र जाईन.

त्याच्या कंपनीतल्या एका सोबत्याने बहिणींपर्यंत बातमी पोचवली. कुठे पुरलं आहे, कुठल्या वाकड्या झाडाखाली, ते सांगितलं. सैन्य निघून गेल्यावर बहिणी शोधायला गेल्या. ताई, लढाईनंतरचं गेटिसबर्ग डोळ्यांसमोर आणा: दोन्हीकडचे मिळून पन्नास हजारांच्या वर मृत, जखमी आणि बेपत्ता, सात हजारांवर प्रेतं, मेलेली घोडी, जुलैचा उकाडा आणि पाऊस. अशात दोघी जणी झाडं बघत फिरत होत्या. भाऊ सापडला नाही. सापडला एका बंदुकीचा लाकडी दस्ता, ज्यावर वेस्लीचं नाव कोरलेलं होतं.

तेव्हा सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी नसायची. सावध शिपाई लढाईआधी कागदावर नाव-गाव लिहून खिशात ठेवायचे किंवा कोटाला आतून टाचायचे. बंदुकीवर नाव कोरायची पद्धतही होतीच, पण ती मुख्यतः चोरीला जाऊ नये म्हणून.

मग देह गेला कुठे? इथे दोन्ही बाजूंच्या मृतांना जी वेगळी वागणूक मिळाली ती ठाऊक असायला हवी. उत्तरेच्या सैनिकांना उकरून काढून नव्या राष्ट्रीय स्मशानभूमीत नेलं. साडेतीन हजारांहून जास्त. १९ नोव्हेंबर १८६३ ला लिंकनने तिथेच ते दोन-अडीच मिनिटांचं भाषण केलं. त्या कामावर देखरेख करणाऱ्या सॅम्युएल वीव्हरने एकही दक्षिणी देह आत येऊ दिला नाही असा निर्वाळा दिला होता. दक्षिणेचे मृत शेतांत, चरांत तसेच राहिले. नांगराला हाडं लागायची. १८७१ ते १८७३ या काळात दक्षिणेतल्या स्त्रियांच्या संस्थांनी पैसे उभे केले आणि त्याच वीव्हरचा मुलगा, डॉक्टर रूफस वीव्हर, याने तीन हजारांहून जास्त अवशेष उकरून दक्षिणेत पाठवले. बहुतेक रिचमंडच्या हॉलिवूड स्मशानभूमीत गेले. ठरलेली रक्कम त्याला पूर्ण कधीच मिळाली नाही. वेस्ली त्या पेट्यांत नाव नसलेला असेल, किंवा अजून तिथेच मातीत असेल. बहिणींनी गुपचूप आणून घराच्या तळघरात पुरला, असंही एक कुजबुजतं मत आहे. पुरावा काही नाही, पण शत्रूच्या गणवेशातल्या भावाला गावच्या स्मशानात जागा मिळाली नसती हे खरं, म्हणून मी त्यावर हसत नाही.

जेनीचं थोडक्यात सांगतो. तिची बहीण जॉर्जिया आठवडाभरापूर्वी बाळंत झाली होती, म्हणून जेनी आणि आई तिच्या घरी होत्या. ते घर दोन्ही सैन्यांच्या मधे सापडलं. ३ जुलैला सकाळी जेनी पावासाठी कणीक मळत होती. गोळी दोन दारं भेदून आली. या लढाईत थेट मारली गेलेली गावातली ती एकटीच नागरिक. जॅक स्केली १२ जुलैला विंचेस्टरच्या रुग्णालयात गेला. जेनी गेल्याचं त्याला कळलं नव्हतं, आणि जॅक मरणार हे तिला. दोघंही आज गेटिसबर्गच्या एव्हरग्रीन स्मशानभूमीत एकमेकांपासून जवळच आहेत. विल्यम युद्धातून वाचला. त्याने पुढे भावाचं नाव तोंडातून काढलं नाही, अशी त्या गावात सांगोवांगी आहे.

आता तुमच्या मुलाने आणखी एक विचारलं होतं, जे मी वर गाळलं: "निरोप काय होता?" ते कुणालाच ठाऊक नाही, आणि इतक्या वर्षांत कुणी खोटा निरोपही रचून खपवला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

पुन्हा गेलात तर मनोऱ्यावर चढाच, देखावा सुंदर आहे. मग गाडी काढा आणि हॅनोवर रस्त्याने पूर्वेला तीनेक किलोमीटर या. ब्रिंकरहॉफ्स रिजवर सहसा कुणी थांबत नाही. प्रवाशांच्या बसही पुढे निघून जातात. उतरून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. झाडांच्या वर गावातल्या चर्चचे कळस दिसतात. बहिणीचं घर त्या कळसांच्या मधे होतं, चालत गेलं तर पाऊण तासावर.